कोपऱ्यातली खिडकी

ता. ३ जून

ती. आत्यास,
टोक्याचा शि. सा. न. वि. वि.

इस्त्री बंद कर आणि बाकावर बस. बातमी तशीच आहे. या महिन्यापासून ‘नभवीर’ कॉमिकची चित्रं मी काढतो. होय, तोच. तुझ्या लाँड्रीतल्या दोरीला चिमट्याने लटकणारा, महिन्याच्या महिन्याला येणारा, आकाशात उडणारा आपला नभ्या. म्हाताऱ्या चित्रकारांचा हात थरथरू लागला म्हणून त्यांनी काम सोडलं आणि ते लांब मुलीकडे राहायला गेले. जागा भरायची होती. मी चित्रं घेऊन गेलो आणि लागलो, इतकं ते सोपं झालं. अजून विश्वास बसत नाही.

ऑफिस एका चपलांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर आहे. मला त्यांचंच टेबल मिळालंय. त्यावर ब्लेडचे इतके चरे आहेत की कागदाखाली पुठ्ठा घातल्याशिवाय रेघ सरळ येत नाही. समोर लेखक बसतात. ते दिवसभर बिस्किटं खातात आणि क्वचित बोलतात. संपादकांकडे दोन चष्मे आहेत, एक वाचायचा आणि एक रागवायचा. पहिल्या दिवशी त्यांनी जुन्या अंकांचं कपाट दाखवून सगळे नीट बघून घ्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बघायचे कशाला, नभवीर मला पाठ आहे. आणि आहेच ना? बाबांची रात्रपाळी असायची तेव्हा मी तुझ्याकडे झोपायचो, आणि तू वाचून दाखवल्याशिवाय मला झोप यायची नाही. पोशाख आणि चेहरे तेवढे मी कपाटातल्या अंकांवरून पडताळून घेतले.

सोबत पहिला अंक पाठवतोय. काळोख्या नावाचा नवा खलनायक आलाय. तो शहरातले दिवे गिळतो. तुझं आणि बाकावरच्या मंडळींचं मत कळव. खरं खरं कळव, पण जरा हळू हाताने.

बाबांना सांग, जेवतो वेळेवर. तुझा लोभ माझ्यावर आहे तसाच राहू दे, एवढंच मागतो.

तुझा
टोक्या


ता. १४ जून

चि. टोक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी एका गिऱ्हाइकाचा सदरा जवळजवळ जाळला. नशीब, बाहीपाशीच थांबले. लहानपणी दिवसभर पेन्सिलीला टोक काढत बसणारं पोर, ज्याच्या भुशाने माझं दुकान भरायचं, ते आता नभवीर काढतं! तुझ्या बापाला सांगितलं तर त्याने नुसतं हं केलं आणि पेपर वर धरला. पेपर उलटा होता. यावरून काय ते समज.

अंक दोरीला लावला आणि बाकावर गर्दी झाली. दातांचे डॉक्टर दोन रुग्णांना ताटकळत ठेवून आले. त्यांचं म्हणणं, काळोख्या झकास जमलाय, पण नभ्याची हनुवटी फार टोकदार, अशाने झोपेत उशी फाडेल. गणिताच्या बाईंना उडतानाचा गुडघा पटला नाही. त्यांनी तो माझ्याच बिलाच्या पाठीवर काढून दाखवला आणि तोही चुकला. कंडक्टरसाहेबांना सगळंच आवडलं. त्यांना नेहमीच सगळं आवडतं, त्यामुळे त्यांचं मत कुणी धरत नाही.

आता माझं. रेघ जोरकस आहे. गर्दीतली माणसं तर जुन्यांपेक्षा सरस. एक मात्र आहे. पूर्वी अंक मिटला की जिवाला बरं वाटायचं. या वेळी मिटला आणि गार वाटलं. डॉक्टरही तेच म्हणाले. कशाने, ते दोघांनाही सांगता येईना. सापडलं की कळवते.

दूध पीत जा. इथे आम्ही सगळे तुझ्या नावाने मिरवतोय, त्याला जागून राहावे.

तुझी
आत्या


ता. १२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुसरा अंकही पोचला असेल. तू ‘गार वाटलं’ लिहिलंस ते मी महिनाभर उराशी घेऊन फिरतोय. म्हटलं, एका आत्याचं मत. पण आता संपादकांनी वाचकांच्या पत्रांचं टोपलं माझ्या टेबलावर आणून ओतलं. रागवायचा चष्मा लावला होता. कुणी लिहिलंय, नवा चित्रकार हात चांगला चालवतो पण त्याला काळीज नाही. कुणी लिहिलंय, अंक बंद केला की घराबाहेर राहिल्यासारखं वाटतं. एकाने तर फक्त ‘का?’ एवढंच लिहून पाठवलंय. का म्हणजे काय का? मी लेखकांना विचारलं. त्यांनी बिस्किट पुढे केलं.

खरी गोष्ट सांगतो. मला काळोख्याची गोष्ट संपेपर्यंतच ठेवलंय. ती संपली की पत्रं बघून ठरणार, नभवीर माझ्याकडे राहायचा की दुसऱ्याला द्यायचा. अजून दोन अंक आहेत. आत्या, मला दुसरं काही काढायचंच नाही गं. मी पेन्सिल हातात धरली ती याच्यासाठी.

म्हणून एक मागणं आहे, चिडू नकोस. वाचकांच्या पानावर ‘एक लाँड्रीवाली’ या नावाने तू इतकी वर्षं लिहितेस. संपादकांना तू माझी कोण ते ठाऊक नाही, पण टोपल्यातून ते तुझंच पत्र आधी शोधतात. एकच पत्र लिही. नवा चित्रकार छान आहे, एवढं. तुझ्या शब्दाला इथे वजन आहे.

माझ्यावर माया कर, आणि जमलं तर लवकर कर.

तुझा
टोक्या


ता. २१ जुलै

चि. टोक्यास,
अ. उ. आ.

नाही लिहिणार.

रागावून नाही सांगत. माझ्या शब्दाला वजन आहे, कारण मी तो कधी कुणाच्या भिडेखातर वापरला नाही. एकदा वापरला की तो तुझ्याही कामाचा राहणार नाही. तुझी नोकरी राहावी म्हणून मी काहीही करीन, तुझ्या संपादकांचे सदरे जन्मभर फुकट धुवीन, पण चांगलं नसेल त्याला चांगलं म्हणणार नाही. आता फुगून बस दोन दिवस, मग पुढचं वाच.

कारण, गार का वाटतं ते सापडलं! गणिताच्या बाईंनी शोधलं. त्या शेवटच्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या की खिडकी कुठे गेली? आणि सगळा बाक त्या कोपऱ्यावर वाकला. अरे, प्रत्येक अंकाच्या शेवटच्या चौकटीत नभ्या उडून जातो आणि खाली कोपऱ्यात एक खिडकी उजळलेली असते. पिवळी, तांदळाच्या दाण्याएवढी. कुणाची ते कधी सांगितलेलं नाही, पण सगळे समजतात, त्याच्या थोरल्या बहिणीची. तो जगाला वाचवायला जातो, आणि घरी कोणीतरी जागं असतं. तू ती काढूनच टाकलीस!

आता बाकावर रोज भांडणं होतात. डॉक्टर म्हणतात, काळोख्याने बहिणीला गिळलं. कंडक्टरसाहेब म्हणतात, ती घर बदलून गेली असेल, भाडं वाढलं असेल. बाईंचा संशय असा की बहीणच काळोख्या आहे. हे ऐकून डॉक्टरांनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले. पण एक खरं, सगळ्यांना तिची काळजी लागलीय.

मलाही. तुझा बाप रात्रपाळीला असायचा तेव्हा या घरात दिवा माझा जळायचा. मी ती कॉमिकं नभ्यासाठी वाचतच नव्हते, त्या खिडकीसाठी वाचत होते. म्हणून विचारते, कुणाच्या सांगण्यावरून घालवलीस ती?

उत्तर धाड. माया आहे, पण जाब विचारणारी आहे हे ध्यानात असू द्यावे.

तुझी
आत्या


ता. २ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कुठली खिडकी?

तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्या तोंडून हेच निघालं. मग कपाटाकडे धावलो. एकेक अंक काढला, शेवटचं पान उघडलं. आहे. प्रत्येकात आहे. पोशाख बघायला हेच अंक मी उघडले होते, पण शेवटच्या पानापर्यंत गेलोच नव्हतो. ते तर मला पाठच होतं. आत्या, तुझी शपथ, मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

लेखकांना विचारलं, तर ते म्हणाले की खिडकी त्यांनी कधी लिहिलीच नाही. म्हातारे आपल्या मनानेच काढायचे. मी गाळली तेव्हा त्यांना वाटलं, ही नव्या चित्रकाराची काहीतरी युक्ती असेल. संपादकांना वाटलं, लेखकांची असेल. मला तर काहीच वाटलं नव्हतं. अशी आमची तिघांची हुशारी.

मी जाऊन खरं ते सांगून टाकलं. संपादकांनी दोन्ही चष्मे काढले. शांतपणे म्हणाले की ज्याला ती खिडकी दिसली नाही, त्याला नभवीर दिसलाच नाही. तिसरा अंक छापायला गेलाय, त्यातही ती नाही. आता फक्त शेवटचा राहिला. तेवढा काढा, मग बघू, असं म्हणाले. त्यांचं ‘मग बघू’ म्हणजे काय ते मला कळतं.

पण मला दुसरंच काही सुचत नाहीये. मी तुझ्या कुशीत बसून तेच तेच अंक इतक्यांदा वाचले, मग मला ती दिसली कशी नाही? आपल्या अंकांत नव्हतीच का? ते अजून तुझ्या माळ्यावर असतील तर पाठव. मला ते, आपले, बघायचेत.

तुझ्या मायेला मी पात्र आहे की नाही ते ठाऊक नाही, तरी ती पाठवत राहावी.

टोक्या


ता. ९ ऑगस्ट

चि. टोक्यास,
अ. उ. आ.

गठ्ठा पाठवतेय. धोतराच्या मऊ कापडात बांधलाय, कापड परत दे.

आपल्या अंकांत खिडकी नव्हती, असं कसं होईल? तू झोपलास की मी शेवटचं पान पुन्हा उघडायचे, ती बघायचे आणि मगच दिवा बारीक करायचे. तू माझ्या शेजारीच होतास. माझं डोकं चालत नाही. बाकावर मी कुणाला काही बोलले नाही. तू माझा भाचा आहेस हे त्यांना ठाऊक आहे आणि ते माझ्याकडे बघतात तेव्हा मला इस्त्री गरम करायचं काम आठवतं.

संपादक म्हणाले ते मला लागलं. तुलाही लागलं असणार. तरी तू जाऊन खरं सांगितलंस, ते वाचून तुझ्या बापाने पेपर खाली ठेवला.

पानं जपून उलट. आम्ही इथे आहोत, हे विसरू नये.

तुझी
आत्या


ता. १७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गठ्ठा उघडला. आपल्या अंकांतही खिडकी आहे. आणि मला ती का दिसली नाही, तेही त्यांतच सापडलं. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, निळसर डाग आहे. कुठे फिका, कुठे गडद. मी भिंग लावून बघितलं. अंगठ्याचा ठसा आहे. मधोमध उभी चीर, इस्त्रीखाली येऊन नखासकट अंगठा चिरला होता ना तुझा, तीच. पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ तुझ्या हातावरून कधी जायचीच नाही.

आठवतंय? मी अधाशी होतो, पान उलटलं की आधी शेवट बघायचो. म्हणून तू शेवटच्या चौकटीवर अंगठा ठेवायचीस. वरचं सगळं वाचून झालं की म्हणायचीस, ‘आणि नभवीर उडाला, मीट डोळे.’ की अंक बंद. माझा प्रत्येक नभवीर तुझ्या अंगठ्यापाशी संपला. म्हणून मी जो पाठ केला त्यात खिडकी नव्हतीच. मी बरोब्बर तेवढंच काढलं, जेवढं तू दिसू दिलंस!

आत्या, कपाळाला हात लावू नकोस. मी एवढा हसलो की लेखक बिस्किट खायचे थांबले, आणि मग रडू आलं, तेही त्यांच्याच देखत. त्यांना सगळं सांगितलं. तर ते खुर्चीतून उठले, टेबलाला एक फेरी मारली आणि म्हणाले की शेवटचं पान पुन्हा लिहायला हवं. आम्ही दोघे मिळून संपादकांकडे गेलो. त्यांनी वाचायचा चष्मा लावला. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

काय काढलंय ते सांगणार नाही. अंक आला की बाकावर मोठ्याने वाच. आणि शेवटच्या पानावर नेहमीसारखा अंगठा ठेव. एवढं माझं ऐक. पत्र लिहायचं की नाही, काय लिहायचं, ते तुझं तू बघ. आता मी मागत नाही.

कापड धुऊन परत पाठवतोय. माझी इस्त्री बघून हसू नये.

तुझा
टोक्या


ता. २४ सप्टेंबर

चि. टोक्यास,
अ. उ. आ.

कापडाची इस्त्री बघितली. चित्रंच काढ बाबा.

अंक आला तेव्हा दुपार होती. बाक भरलेला, तुझा बाप दाराशी कुणाचीतरी वाट बघत असल्यासारखा उभा. वाट कोणाचीच बघत नव्हता. मी वाचायला लागले. काळोख्याने रस्त्यांवरचे दिवे गिळले, दुकानांचे गिळले, शेवटी आकाशातलं सगळं गिळलं. नभ्याला दिसेना, कुठे उडायचं तेच कळेना. शेवटचं पान आलं. तू सांगितल्याप्रमाणे मी अंगठा ठेवला. वर काळोख्या म्हणतो की आता या शहरात एकही दिवा उरला नाही, आणि त्याच्या पुढच्या चौकटीत नभ्या हवेत थांबून खाली कुठेतरी बघतोय. त्याच्या चेहऱ्यावर जरासा उजेड आहे. कुठून येतो ते दिसत नाही. मी थांबले. कंडक्टरसाहेब, ज्यांना सगळंच आवडतं, ते ओरडले की अंगठा काढा!

काढला.

खिडकी होती. या वेळी दाण्याएवढी नाही, चांगली जवळून. आत मेणबत्ती, आणि मेणबत्तीपुढे आडवा धरलेला तळहात. बोटांच्या कडांतून लाल उजेड झिरपत होता. दिवा विझला नव्हताच. काळोख्याला दिसू नये म्हणून बहिणीने इतके दिवस त्याच्यापुढे हात धरला होता. सगळा बाक उठून जवळ आला. मग डॉक्टर पानाजवळ वाकले. त्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग पानाच्या कडेवरच्या माझ्या हाताकडे. बाईंनी मला आपला रुमाल दिला, आणि मी तो वापरला. तुझा बाप आत आला, अंक माझ्या हातातून घेतला आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभा राहून वाचला. सुलटा धरून.

मी त्या खिडकीवर जीव टाकला आणि तुझ्यापासून तीच झाकून ठेवली, याची मला फार चुटपुट लागली होती. तू ती चुटपुट अशी काढून घेतलीस. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

वाचकांच्या पानाला पत्र धाडलं. चित्रकार माझा भाचा आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं, म्हणजे ज्याला ते बाद करायचं त्याने करावं. मग लिहिलं की हनुवटी अजून टोकदार आहे, गुडघ्याबद्दल एका शिक्षिकेची तक्रार आहे, आणि शेवटचं पान मी मिटू शकले नाही. तुझ्या संपादकांचं उत्तर आलं, स्वतःच्या हातचं. लिहितात की पत्र बाद केलेलं नाही, जसंच्या तसं छापणार. नभवीर तुझ्याकडेच राहतोय. हनुवटीबद्दल ते माझ्याशी सहमत आहेत. तुला हे त्यांनी सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐकायला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

जुने अंक तुझ्याजवळच ठेव. आज पांढरे सदरे बरेच होते, त्यामुळे या पत्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातही निळा ठसा उमटलाय. नखाने खरवडत बसू नकोस, त्याच्याखाली काही झाकलेलं नाही. आहे ते सगळं वर लिहिलंय.

दिवा चालू आहे. सवड काढून यावे.

तुझी
आत्या